कुत्र्याच्या अंगावरची गाठ: बोटांना काय कळतं, सुईला काय कळतं

रविवारी सकाळी बंड्याला अंघोळ घालत होते. बंड्या आठ वर्षांचा लॅब्राडॉर. उजव्या फासळ्यांवरून साबणाचा हात फिरवताना बोटं एकदम थांबली. कातडीखाली लिंबाएवढं काहीतरी मऊ लागलं, दाबलं की बोटाखालून सरकत होतं. बंड्याला त्याचं काहीच नव्हतं, तो नळाची धार चाटण्यात दंग होता. माझ्या पोटात मात्र धस्स झालं.

त्याला कारण होतं. बंड्याच्या आधी आमच्याकडे राणी होती, बॉक्सर जातीची. तिच्या मागच्या मांडीवर हरभऱ्याएवढी लालसर पुळी आली होती. कधी सुजायची, कधी आपोआप बसायची. मुंगी चावली असेल, उष्णता झाली असेल, असं म्हणत आम्ही चार महिने घालवले. ती पुळी कर्करोग निघाली.

बंड्याची लिंबाएवढी गाठ निव्वळ चरबीची होती. राणीची हरभऱ्याएवढी पुळी तिला घेऊन गेली. मोठी गाठ वाईट आणि छोटी निरुपद्रवी, मऊ ती चांगली आणि कडक ती वाईट, दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हे सगळे ठोकताळे मी तेव्हापासून सोडून दिले. बोटांना गाठ सापडते. ती कशाची आहे हे बोटांना कळत नाही, अगदी अनुभवी डॉक्टरांच्या बोटांनासुद्धा खात्रीनं कळत नाही. त्यासाठी एक साधी सुई लागते. ही गोष्ट मला कुणी राणीच्या वेळी सांगायला हवी होती, म्हणून आता जे जे कळलं आहे ते सविस्तर लिहिते आहे.

आधी, जी गाठच नाही ती

हाताला काही लागलं की पहिल्यांदा केस बाजूला करून, मोबाइलचा उजेड पाडून नीट बघा. सर्वात जास्त फसवतात ती स्तनाग्रं. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, छातीपासून जांघेपर्यंत दोन ओळींत, साधारण आठ ते दहा. पिल्लाच्या पोटावर ती अचानक हाताला लागतात आणि घरातलं कुणीतरी गोचीड समजून चिमट्यानं ओढायला बसतं. असं रक्तबंबाळ झालेलं पिल्लू मी दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलं आहे. खूण सोपी आहे: एक सापडलं की दुसऱ्या बाजूला, जवळपास समोरासमोर, त्याचा जोडीदार सापडतो.

गोचीड वेगळी दिसते. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड राखाडी, वाटाण्यासारखी असते आणि कातडीला चिकटलेल्या टोकाशी तिचे बारीक पाय दिसतात. ती कातडीलगत चिमट्यात धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, पेटती काडी असलं काही नको. ओढल्यानंतर त्या जागी बारीक कडक पुटकुळी राहते, ती एकदोन आठवड्यांत जिरते. छातीच्या मधोमध हाडाचं टोक आणि शेवटच्या फासळीचं टोक हेही अनेकांना गाठ वाटतं. लस टोचलेल्या जागी आलेली सुपारीएवढी सूज बहुतेक वेळा तीनचार आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही ती तशीच असेल किंवा वाढत असेल तर दाखवायला हवी.

आपल्याकडे शब्द आहेत

माझी आजी गाठीला नुसती गाठ म्हणत नसे. आवाळू, गळू, चामखीळ, घट्टा, गांधी, अवधाण असे वेगवेगळे शब्द तिच्या तोंडी असायचे आणि प्रत्येक शब्दाचा उंचवटा वेगळा. कुत्र्यांनाही हे सगळे प्रकार होतात, त्यामुळे मला ते याच शब्दांतून समजले.

आवाळू म्हणजे चरबीची गाठ. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. वय झालेल्या, वजन वाढलेल्या कुत्र्यांत ती फार आढळते, लॅब्राडॉरमध्ये तर विशेष. छाती, पोट, बगल या तिच्या जागा. मऊ, गोलसर, कातडीखाली सरकणारी, न दुखणारी. ती कर्करोग नाही आणि तिचा कर्करोग होण्याची भीतीही नसते. बगलेत वाढून पाय टाकताना अडचण व्हायला लागली तरच ती काढतात. बंड्याच्या अंगावर आता अशा तीन आहेत. मात्र ‘मऊ आणि सरकते, म्हणजे चरबीचीच’ असं समजण्यात धोका आहे, कारण मऊ ऊतींचा सार्कोमा नावाचा एक कर्करोग सुरुवातीला हाताला हुबेहूब असाच लागतो, आणि मास्ट पेशींची गाठही, म्हणजे राणीला झालेला कर्करोग (त्याबद्दल पुढे), कधी कधी तशीच लागते.

चामखिळीचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या, त्यातही कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांच्या अंगावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या खडबडीत, गुलाबी चामखिळी येतात. त्या तेलग्रंथींपासून होतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. कंगव्यात अडकून रक्त येत असेल तर काढून टाकतात. दुसरा प्रकार पिल्लांच्या ओठांवर आणि तोंडात येतो. तो विषाणूमुळे होतो. पाचसहा महिन्यांच्या पिल्लाचं तोंड अशा मसांनी भरलेलं पाहिलं की घाबरायला होतं, पण पिल्लाच्या शरीरानं त्या विषाणूला ओळखलं की एकदोन महिन्यांत, कधी थोड्या जास्त काळात, त्या आपोआप गळून जातात. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला होतात, माणसाला होत नाहीत. आपल्याकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधायची जुनी रीत आहे. कुत्र्यावर ती करू नका, चुना लावू नका. जागा सडते, कुत्रा ती चाटतो, आणि मुळात ती चामखीळच होती का, हेही मग कळायला मार्ग उरत नाही.

तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर शर्टाच्या बटणासारखी गोल, लाल, केस गेलेली गाठ आली तर ती बऱ्याचदा हिस्टिओसायटोमा असते. दिसते भयानक आणि आठवडाभरात वाढते. पण शरीराच्या संरक्षक पेशी तिच्यावर चालून जातात आणि दोनतीन महिन्यांत ती विरते. अडचण एवढीच, की मास्ट पेशींची गाठही अशीच लाल आणि केस गेलेली असू शकते. म्हणून तरुण कुत्रा असला तरी सुई लावल्याशिवाय वाट पाहू नये.

गळू ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. एकदोन दिवसांत येतं, गरम लागतं, हात लावला की कुत्रा गुरगुरतो किंवा ओरडतो, ताप येतो, खाणं सुटतं. बऱ्याचदा भांडणात दुसऱ्या कुत्र्याचा सुळा लागलेला असतो. वरची जखम टाचणीएवढी, आत पू. ते घरी पिळू नका. पावसाळ्यात फुटलेल्या गळवात माशी अंडी घालते आणि एका दिवसात किडे पडतात. केसांखाली ओल, उग्र वास आणि कुत्रा सतत एकच जागा चाटतोय, असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठावा.

घट्ट्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण तो आपल्या घरांच्या बांधणीशी जोडलेला आहे. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, लॅब्राडॉर अशी वजनदार कुत्री आपल्याकडे दिवसभर फरशीवर बसतात. बसताना कोपर दणकन टेकतं. आधी तिथली कातडी जाड, काळपट होते, हा घट्टा. तरीही मार बसत राहिला तर शरीर हाडाच्या वर पाण्याची उशी तयार करतं. लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी, लिबलिबीत पाण्याची गाठ कोपरावर लोंबायला लागते. हिला हायग्रोमा म्हणतात. लोकांना वाटतं पाणी काढून टाकलं की झालं. पाणी काढलं तरी ते पुन्हा भरतं, कारण फरशी तीच असते, आणि दर वेळी सुई टोचल्यानं आत जंतू जाऊन पू होण्याची शक्यता वाढते. खरा इलाज म्हणजे जाड, मऊ गादी. कुत्रा गादी सोडून गार फरशीवरच जाऊन बसत असेल, आणि आपल्या उन्हाळ्यात तो बसणारच, तर गादी पंख्याखाली ठेवा, वर सुती चादर घाला, त्याच्या आवडत्या कोपऱ्यातच अंथरा.

गांधी उठणं कुत्र्यांतही असतं. मधमाशी, गांधीलमाशी चावली, एखादं औषध सोसलं नाही, की तासाभरात अंगभर केस उभे राहिल्यासारखे उंचवटे येतात, तोंड आणि पापण्या सुजतात. बहुतेकदा उपचारानं काही तासांत उतरतं. पण धाप लागली, उलट्या सुरू झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर रात्र असो की पहाट, लगेच निघायचं.

कानाची पाळी अचानक पुरीसारखी फुगली तर आत रक्त साचलेलं असतं. कानात जंतुसंसर्ग किंवा किडे झाल्यानं कुत्रा डोकं झटकत राहतो आणि पाळीतली रक्तवाहिनी फुटते. इथे पाळीबरोबर कानाच्या आतल्या त्रासावरही उपचार व्हावे लागतात, नाहीतर ती पुन्हा फुगते.

सुईची तपासणी

बंड्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, “ताई, चरबीचीच वाटते आहे. पण वाटण्यावर मी सोडत नाही.”

त्यांनी त्या जागेचे केस थोडे बाजूला केले, स्पिरिट लावलं आणि आपण इंजेक्शनला वापरतो तसली बारीक सुई गाठीत घातली. गाठीत घुसल्यावर सुई दोनचारदा मागेपुढे, वेगवेगळ्या दिशेनं हलवली. मी बंड्याचं डोकं मांडीवर धरून कान खाजवत होते. त्यानं एकदा वळून पाहिलं, एवढंच. भूल नाही, टाका नाही. सुई बाहेर काढून, रिकाम्या सिरिंजमधली हवा मारून, आत अडकलेला थेंब काचेच्या पट्टीवर उडवला. पट्टीवर तेलाचे चकाकणारे ठिपके दिसले, ते वाळेनात. मग त्यांनी तीनचार पट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि मलाही डोकावू दिलं. फुग्यांच्या घोसासारख्या मोठमोठ्या गोल पेशी, आत जवळजवळ काही नाही, केंद्र एका कडेला ढकललेलं. “ही चरबी,” त्या म्हणाल्या. आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत अर्धा तासही झाला नव्हता.

या तपासणीला डॉक्टर एफएनए किंवा एफएनएसी म्हणतात. नाव माहीत असलं की मागता येतं, म्हणून सांगते. सगळ्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक नसतो, पण पट्टी तयार करून प्रयोगशाळेत पाठवता येते. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ ही समजूत मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकली आहे. कातडीवरच्या आणि कातडीखालच्या नेहमीच्या गाठींच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचं कारण नाही. न टोचता महिनोन् महिने थांबण्यानं होणारं नुकसान कितीतरी मोठं आहे.

सुईलाही मर्यादा आहेत. काही गाठी पेशी सोडतच नाहीत, सुईत नुसतं रक्त येतं. काही वेळा पट्टी पाहून प्रकार कळतो, पण तो किती आक्रमक आहे ते कळत नाही. तेव्हा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणजे बायोप्सी. ‘सुईत काही मिळालं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसतो. पुन्हा टोचून घ्यावं किंवा तुकडा द्यावा.

कधी टोचायचं? अमेरिकेतल्या पशु-कर्करोगतज्ज्ञ डॉ. स्यू एटिंगर यांनी एक सुटसुटीत नियम लोकांसमोर ठेवला आहे: गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे १ सेंटिमीटर किंवा मोठी असेल आणि महिनाभर टिकून असेल, तर सुई लावायची. मी त्यात माझी भर घालते. वेगानं वाढणारी, रंग बदलणारी, फुटून न भरणारी, किंवा फुगून बसून पुन्हा फुगणारी गाठ असेल तर महिनाही थांबू नका.

राणीची पुळी

मास्ट पेशी प्रत्येक कुत्र्याच्या, आणि माणसाच्याही, कातडीत असतात. ऍलर्जीत खाज आणि सूज यांच्यामुळेच येते, कारण त्यांच्या पोटात हिस्टामिन या रसायनाच्या बारीक बारीक पुड्या भरलेल्या असतात. या पेशी बेलगाम वाढल्या की मास्ट पेशींची गाठ होते. कुत्र्यांच्या कातडीच्या कर्करोगांत ही सर्वात जास्त आढळणारी. बॉक्सर, पग, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात तिचं प्रमाण जास्त असतं.

गाठीला धक्का लागला, कुत्र्यानं चाटली, आपण दाबली, की त्या पुड्या फुटतात. हिस्टामिन बाहेर पडतं, जागा लाल होते, सुजते. दोन दिवसांनी सूज ओसरते. घरच्यांना वाटतं, बघा, बरी होतेय. राणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. दर वेळी बसली की आम्ही निश्चिंत व्हायचो. मध्येच एकदा एका दवाखान्यात दाखवली होती, तिथे सुई न लावता स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. गाठ निम्मी झाली. आम्ही खूश.

स्टेरॉइडनं मास्ट पेशींची गाठ आणि लसिकाग्रंथींचा (संसर्गाशी लढणाऱ्या ग्रंथींचा) कर्करोग हे दोन्ही काही काळ आकसतात. त्यामुळे निदान चुकतं, वेळ जातो, आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात पुढच्या केमोथेरपीचा परिणामही कमी होऊ शकतो. म्हणून ‘आधी सुई, मग स्टेरॉइड’ एवढा क्रम डॉक्टरांना विनंती करून पाळायला सांगा. हे सांगण्यात उद्धटपणा नाही.

पुढे राणीला उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी झाली. वाढलेलं हिस्टामिन जठरातलं आम्ल वाढवतं आणि आतून अल्सर होतात. म्हणजे मांडीवरची गाठ पोटात रक्तस्राव घडवत होती. आम्ही तिच्या पोटाला ताकभात देत बसलो होतो. शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत गेलेली होती.

एक मात्र आवर्जून सांगते, मास्ट पेशींची प्रत्येक गाठ अशी नसते. २०११ पासून पॅथॉलॉजिस्ट तिची सौम्य आणि तीव्र अशा दोन श्रेणींत विभागणी करतात. सौम्य श्रेणीची गाठ लहान असतानाच भोवतालच्या निरोगी कातडीसकट नीट काढली, तर बहुतेक कुत्री त्यातून पूर्ण बरी होतात.

भोवतालच्या कातडीसकट, हे महत्त्वाचं आहे. कर्करोगाच्या गाठीला मुळं असतात असं समजा. डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे पेशी पसरलेल्या असतात. म्हणून मास्ट पेशींच्या गाठीभोवती अनेकदा २ ते ३ सेंटिमीटर जास्तीची जागा घेऊन कापतात. हरभऱ्याएवढी असताना हे जमतं. पायावर लिंबाएवढी झाल्यावर तिथे ओढून शिवायला कातडीच उरत नाही. सार्कोमाचंही तसंच आहे. तो चरबीची गाठ समजून नुसता सोलून काढला तर पुन्हा येतो आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड होते. म्हणजे कापण्याआधी कशाची गाठ आहे हे माहीत असणं सर्जनसाठीही गरजेचं आहे.

आणि काढलेली गाठ फेकून द्यायची नाही. फॉर्मॅलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवायची. अहवालात प्रकार, श्रेणी आणि कडा मोकळ्या आहेत की नाहीत हे लिहून येतं. शस्त्रक्रियेला एवढा खर्च केल्यावर लोक याच ठिकाणी हात आखडता घेतात. माझं मत विचाराल तर दुसरीकडे बचत करा, इथे नको.

माद्यांच्या पोटावरच्या गाठी

कुत्रीला स्तनग्रंथींच्या साधारण पाच जोड्या असतात, छातीपासून जांघेपर्यंत. मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त होतात. सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा लागतो. अंदाजे निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि त्या फुफ्फुसात जाऊ शकतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढतात. १ सेंटिमीटरची असताना काढलेली आणि ५ सेंटिमीटरची झाल्यावर काढलेली, यांच्या भवितव्यात मोठा फरक असतो.

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर गाठी होतात’ हे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. पिल्लं झाल्यानं कुत्रीला या गाठींपासून संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळतं ते लवकर नसबंदी केल्यानं. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांत हा धोका नसबंदी न झालेल्यांच्या अवघा ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के आढळला होता. नंतरच्या समीक्षकांनी हे आकडे जुन्या आणि मर्यादित पुराव्यावर उभे असल्याचं म्हटलं आहे, आणि मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे प्रश्न वाढतात असंही आता दिसतं. तेव्हा नेमकं वय आपल्या कुत्रीची जात पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावं. माज टाळण्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं देणं मात्र टाळाच. त्यांनी स्तनाच्या गाठी आणि गर्भाशयात पू होणं, या दोन्हींचा धोका वाढतो.

नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरांना शेपटीखाली, गुदद्वाराभोवती गाठी येतात. त्या बहुतेक साध्या असतात आणि नसबंदी केल्यावर आकसतात. शेपटी उचलून बघायची सवय नसते, म्हणून त्या फुटून रक्त येईपर्यंत कळत नाहीत.

अवधाण

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ती लसिकाग्रंथी असते, संसर्गाशी लढताना सुजलेली. कुत्र्यात अशा ग्रंथी पाच ठिकाणी हाताला लागू शकतात: जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढे, बगलेत, जांघेत आणि मागच्या गुडघ्याच्या मागे. निरोगी कुत्र्यात बगलेतल्या आणि जांघेतल्या सहसा लागत नाहीत. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे लहानशी लागेल, तेवढंच.

एकच ग्रंथी सुजली आणि त्याच बाजूला जखम किंवा खराब दात सापडला, तर बहुधा उत्तर तिथेच आहे. पण दोन्ही बाजूंच्या, अनेक ठिकाणच्या ग्रंथी न दुखता सुपारीएवढ्या झाल्या तर लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, मनात धरावा लागतो. आपल्याकडे त्याच्या जोडीनं आणखी एक शक्यता असते: गोचिडीतून होणारा एर्लिकियाचा ताप. त्यातही ग्रंथी सुजतात, आणि तो औषधांनी बरा होतो. सुई आणि रक्ततपासणी यांच्यामुळे या दोन्हींत फरक करता येतो. त्यामुळे ग्रंथी सुजल्या म्हणून लगेच हात टेकू नयेत.

मी महिन्यातून एकदा बंड्याला आडवा करून नाकापासून शेपटीपर्यंत चाचपते. वहीत कुत्र्याची एक साधी आकृती काढली आहे, तिच्यावर गाठींची जागा आणि तारीख. फोटो काढताना बाजूला दहा रुपयांचं नाणं ठेवते. ते २७ मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात ‘वाढली की तेवढीच’ हा वाद राहत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याला देऊ नका. जठर आणि मूत्रपिंडांना त्या घातक ठरतात.

खर्चाची अडचण असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने लक्षात ठेवा. मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची गाठ

आमच्या गल्लीत काळू नावाचा कुत्रा आहे. त्याच्या लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त पडायचं. फरशीवर डाग पडतात म्हणून लोक हाकलायचे. तपासलं तेव्हा आत फ्लॉवरसारखी, लालबुंद, हात लावला की रक्त येणारी गाठ होती. हा टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारा कर्करोग, भटकी कुत्री जिथे जास्त तिथे जास्त. मादीत असेल तर लोकांना माज आल्याचं वाटतं.

यात पसरतो तो जंतू नाही, कर्करोगाची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. १८७६ मध्ये नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानं एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्याच्या अंगात रुजवून हे दाखवलं. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशींत साधारण ६०च्या आसपास भरतात. जगभरच्या कुत्र्यांतल्या या गाठी मुळात एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आल्या आहेत. तो कुत्रा जगला त्याला काही हजार वर्षं झाली. शास्त्रज्ञांचे अंदाज ४ हजारांपासून ११ हजारांपर्यंत आहेत. हुंगण्या-चाटण्यातून ती नाकात आणि तोंडातही रुजते, म्हणून एका नाकपुडीतून रक्त येणाऱ्या भटक्या कुत्र्यातही डॉक्टर तिचा विचार करतात. माणसाला ती होत नाही.

आणि हाच कर्करोग उपचारांना सर्वात चांगली दाद देतो. व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते आठ वेळा. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यायचं, आणि मधूनमधून पांढऱ्या पेशी मोजायच्या.

काळूला दर शनिवारी रिक्षात घालून नेत होतो, मी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. पहिल्या दोन वेळा त्याला तोंडाला पट्टी बांधून उचलावं लागलं. तिसऱ्या इंजेक्शनला रक्त थांबलं. पाचव्याला डॉक्टरांनी मागे ओढून पाहिलं, तर आतली कातडी गुलाबी आणि साफ होती. तरी त्यांनी आणखी एक दिलं आणि महिनाभरानं नसबंदी केली. आता रिक्षा दिसली की तो आधी जाऊन आत बसतो, आणि काकू त्याला पारले-जी देऊन खाली उतरवतात.